चालत्या छावणीला पत्र

मंडळी, आपण बसलोय सात रस्त्यावर. शहरभर फिरणाऱ्या माणसाला निरोप द्यायचा असेल तर त्याच्या मागे गल्लोगल्ली कोण धावतं? चौकातल्या पानपट्टीवर सांगून ठेवायचं. तो येता-जाता विचारतो. बिनतारी सेन्सर जाळ्यातली माहिती चालत्या ग्राहकाला कशी पोचवायची, या आजच्या विषयाचं मूळ एवढंच आहे.

शेतात ओल मोजणारे शंभर सेन्सर पेरलेत समजा. प्रत्येकाला इवलीशी बॅटरी, आणि रेडिओवर बोलण्यातच ती जास्त खर्च होते. माहिती घेणारा ट्रॅक्टरवर फिरतोय. 'मी आता इथं आहे' हे त्यानं दर मिनिटाला शंभर जणांना कळवायचं म्हटलं, तर बॅटऱ्या त्या दवंडीतच संपणार.

हीच अडचण पेशव्यांच्या जासुदांची. सदाशिवरावभाऊ मार्च 1760 मध्ये परतूरहून निघाले; ऑगस्टमध्ये दिल्ली, ऑक्टोबरात कुंजपुरा. पत्र गावाच्या नव्हे, चालत्या छावणीच्या नावे. ऑक्टोबरअखेर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून छावणी आणि दिल्लीच्या मध्येच आला. इकडे नानासाहेब स्वतः फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले. म्हणजे एक टोक कोंडलेलं आणि दुसरं चालतं!

14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं. नानासाहेबांना ते कळलं 24 तारखेला, भेलशाच्या मुक्कामी, आणि तेही सावकारी पत्रातून. त्या पत्रातली मोत्यांची आणि मोहरांची सांकेतिक भाषा आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मला विचाराल तर त्यात याहून मोठी गोष्ट आहे. ते पत्र पेशव्यांसाठी नव्हतंच, चाललं होतं औरंगाबादच्या सावकारांकडे. सराफ्याची पेढी जागची हलत नाही, म्हणून जासुदाला पत्ता शोधावा लागत नाही. पेशव्यांची छावणी त्याच्या वाटेत आली, हा निव्वळ योग.

2002 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी हा योग आखून आणला. सेन्सरांच्या शेतावर चौकटी आखायच्या, चौकटींच्या कोपऱ्यांवर माहितीची खूण ठेवायची. फिरणाऱ्यानं फक्त जवळच्या कोपऱ्याला विचारायचं. सात रस्ताच की हा! पुढच्याच वर्षी 'डेटा म्यूल' मांडलं गेलं. म्यूल म्हणजे खेचर. सेन्सरनं गप्प बसून माहिती साठवायची आणि बस किंवा जनावर जवळून गेलं की त्याच्या पाठीवर ओझं टाकायचं. आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या दोड्डबळ्ळापूर भागात 'डाकनेट'ची बस अशीच गावोगावचे जमिनीच्या उताऱ्यांचे अर्ज गोळा करायची. नाव मुद्दाम आपल्या डाकेवरून ठेवलेलं, बरं का.

बॅटरी वाचते ती उशिराच्या बदल्यात. ओलीचा आकडा संध्याकाळी मिळाला तरी पाणी उद्या सोडता येतं. धरणाच्या पुराचा इशारा असा खेचरावर लादता येत नाही. तिथं बॅटरी जळली तरी चालेल, संदेश तडक गेला पाहिजे. आणि भेलशाला ते पत्र फोडलं, तेव्हा लढाई होऊन दहा दिवस लोटले होते.