दुखत नाही, तर बघायचं काय?

डायबेटिसच्या दवाखान्यात भिंतीवर एक पोस्टर हमखास असतं. रोज तळपाय बघा, अनवाणी चालू नका, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघा, वगैरे. आपण नंबर यायची वाट बघत ते वाचतो आणि विसरतो. हे सगळं आलं कुठून, म्हणून मी शनिवारी शोधत बसलो, तर धागा पोचला थेट कुष्ठरोगाच्या इतिहासात. आणि त्या इतिहासाचा मोठा भाग आपल्याकडेच घडलेला.

१९४६ साली पॉल ब्रँड नावाचा तरुण सर्जन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. जन्म १९१४ चा, तोही तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. कुष्ठरोगात बोटं 'आपोआप झडतात' असा तेव्हा सर्रास समज होता. ब्रँडने एकेका जखमेचा माग काढला. आपण बग शोधताना लॉग मागे मागे वाचत जातो ना, अगदी तसा. निघालं असं, की रोग नसा बधिर करतो आणि पुढचं नुकसान चटका, खिळा, ठेच यांनी होतं. दुखत नाही म्हणून माणूस हात-पाय जपत नाही.

पायाचं गणित तर फारच साधं आहे. खूप चाललं की आपण नकळत चाल बदलतो, थोडं लंगडतो, वजन दुसरीकडे टाकतो. बधिर पाय हे करत नाही. त्याच जागेवर हजारो वेळा दाब पडतो, घट्टा होतो, घट्ट्याखालचं मांस फाटतं आणि मग जखम वर येते. म्हणून आली मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजे एमसीआरची चप्पल. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात ती आजही फुकट मिळते.

विदर्भही यात मागे नव्हता. वर्ध्याला १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग फाउंडेशन सुरू झालं. तिथे डॉ. वारदेकरांनी जी पद्धत बसवली तिचे तीन भाग होते: पाहणी, शिक्षण, उपचार. मधला शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लोकांना रोग समजावून सांगणं हे गोळीइतकंच काम मानलेलं होतं.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. डायबेटिसच्या पायातही नसा अशाच बधिर होतात, त्यामुळे तिथलं ज्ञान हळूहळू तिकडे वळलं. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवायचा, कळलं नाही तर पाय धोक्यात, ही चाचणी १९८६ मध्ये तिथल्याच अभ्यासातून पक्की झाली. १९९२ मध्ये त्याच केंद्राने पाय कापावे लागू नयेत म्हणून एक कार्यक्रम आखला. त्यात वर्षातून एकदा तपासणी होती, पण रोजचं बघणं रुग्णानेच करायचं होतं.

आता आमच्या घरची गोष्ट. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावी मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, भाताची शेती करतात. शुगर जुनी. पाय बघा म्हटलं की म्हणतात, "दुखतच नाही, तं पाहाचं का?" ब्रँडने ज्या प्रश्नात आयुष्य घातलं, तो यांनी एका वाक्यात उडवला! मी तसल्या मऊ सोलची चप्पल नेली, तर एकदा बघून बाजूला सारली. "हे तं महारोग्याची आहे. लोक का म्हणतील?" पूर्व विदर्भ हा कुष्ठरोगाचा जुना पट्टा, तिथे ती जाड काळी चप्पल लांबून ओळखू येते. सांगा आता काय सांगणार? भीती खोटी नाही, रोगाच्या नावाने माणसं घराबाहेर काढलेली त्यांनी बघितली आहेत. शेवटी गोंदियात तोच सोल तपकिरी चामड्याखाली लावून घेतला. तेव्हा कुठे घातली.

एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलायची नाही. कुष्ठरोगात पाय भिजवा, घट्टा घासा, तेल लावा असं शिकवतात. डायबेटिसच्या आजच्या सूचना सांगतात की पाय भिजत ठेवू नका. धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, मलम टाचेला लावा पण बेचकीत नको, आणि घट्टा घरी कापू नका. पाणी गरम आहे का हे पायाने तर अजिबात बघू नका.

राहिला रोवणीचा प्रश्न. बांधीतल्या चिखलात कुठलीच चप्पल टिकत नाही, आणि गमबुटात पाय दिवसभर घामाने ओला. मला याला चांगलं उत्तर सापडलेलं नाही. यंदा मोठे बाबा धुऱ्यावर उभे राहून रोवणी करून घेतात आणि संध्याकाळी काकू आरसा धरून त्यांचे तळवे बघते. काटा सापडला की त्यांना दाखवते, कारण तो रुतलेला त्यांना कळलेलाच नसतो.