हुंडी, पेठ, परपेठ

२००९ साली मी सिंगापूरला ऑनसाईट होतो. शुक्रवारी संध्याकाळी सांगलीहून दादाचा फोन आला, बाबांची बायपास ठरली आहे, दीड लाख भरायचेत. मी लगेच नेटबँकिंग उघडून पैसे पाठवले आणि निर्धास्त झोपलो.

पुढचे आठ दिवस पैसे गायब! माझ्या खात्यातून गेले होते, दादाच्या खात्यात आले नव्हते. दोन्ही बँका म्हणतात, आमच्याकडे काही अडलेलं नाही. शेवटी मामांनी एफडी मोडली म्हणून ऑपरेशन झालं. कारण काय, तर पासबुकात दादाच्या नावामध्ये वडिलांचं नाव होतं आणि मी ते लिहिलं नव्हतं.

ते आठ दिवस पैसे होते कुठे, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. वाचत गेलो तेव्हा कळलं की पैसे मुळात जातच नाहीत, जातो तो निरोप. १९७३ साली १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून स्विफ्ट काढली, ती निरोप पोचवण्यासाठीच. 'अमक्याला एवढे द्या आणि माझ्या तुमच्याकडच्या खात्यातून वळते करा', बस्स. त्याआधी हेच टेलेक्सवर चालायचं. रक्कम, तारीख वगैरेंवरून गुप्त तक्ता बघून कारकून एक आकडा काढायचा, पलीकडचा तोच हिशोब करून ताडून बघायचा. म्हणजे आपला चेकसम, पण हाताने! आणि त्याआधी तार. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण बँकांच्या दरपत्रकात 'टीटी' अजून जिवंत आहे.

पण मी खरा अडकलो तो हुंडीपाशी. काशीला निघालेला माणूस रोकड कमरेला बांधून चोरांना आमंत्रण कशाला देईल? तो इथल्या सावकाराकडे पैसे भरायचा, हुंडी घ्यायचा आणि तिकडच्या पेढीवर वटवायचा. दाखवताच पैसे मिळायचे ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळायचे ती मुदती. हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. प्रत्येक प्रतीत आधीच्या प्रतींचा उल्लेख असे, म्हणजे कागद कितीही आले तरी पैसे एकदाच द्यायचे. पेमेंटच्या कोडमध्ये 'रीट्राय' लिहिताना आम्ही ज्या गोष्टीवर रात्री जागवतो, ती या मंडळींनी शाई आणि बोरूने सोडवली होती. शिवाय हुंडीवाल्याला पेढीच्या दारात उभं राहून भांडता यायचं. माझ्याकडे होता एक रेफरन्स नंबर.

अजून एक सांगायचं राहिलं. त्या आठवड्यात रूममेटच्या ओळखीतला एक जण म्हणाला होता, "द्या इकडे, उद्या सांगलीत पोचते करतो." हवाला. पद्धत तीच, दोन वह्या आणि एक निरोप, पण आपल्या फेमा कायद्यात बेकायदा. मी नाही म्हटलं. बरोबरच होतं. तरी मामांची एफडी आठवली की ते बरोबर असणं टोचतं.

२१ फेब्रुवारी २०२३ ला सिंगापूरचं पेनाऊ आणि आपलं यूपीआय जोडलं गेलं. तिथेच राहिलेल्या मित्राने मला गंमत म्हणून दहा डॉलर पाठवले. त्याचा फोन चालू असतानाच माझ्याकडे मेसेज वाजला. मी बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "मामांना तेव्हा व्याज किती बुडालं रे?"