भातखंडे प्रिय, त्यांची लक्षणगीतं नाहीत



इथे आपण वाडे, देवळं, सणवार, पदार्थ यांबद्दल पुष्कळ लिहितो. आज गाण्याबद्दल लिहितोय. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरी सगळी बँकेत. गाण्यातला माझा अधिकार ऐकणाऱ्याचा, तेवढाच. पण ग्वाल्हेरात लहानाचा मोठा झालेला माणूस गाण्यापासून लांब राहू म्हणाला तरी राहू शकत नाही.

पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्याइतका आदर माझ्या मनात फार थोड्यांबद्दल आहे. तरीही त्यांनी स्वतः रचलेली लक्षणगीतं मला आवडत नाहीत. शाळकरी वयात आवडली नाहीत आणि सत्तरी ओलांडल्यावरही नाहीत. लष्करमधल्या जुन्या मंडळींसमोर असं बोललं की ती कानावर हात ठेवायची. मोठ्या माणसाचं सगळंच मोठं मानायचं, ही आपली रीत. मला ती पटत नाही.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लक्षणगीत म्हणजे ज्या गाण्याच्या शब्दांतच रागाचे नियम सांगितलेले असतात ते गाणं. थाट कोणता, कोणते स्वर वर्ज्य, वादी कोण, संवादी कोण, गाण्याची वेळ कोणती, हे सगळं त्याच रागात आणि तालात बांधलेलं. शेवटी पुष्कळदा ‘चतुर’ ही मुद्रा. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत स्वर तेच पाच, मध्यम-निषाद दोन्हींत नाहीत. भूपात गंधार वादी, धैवत संवादी आणि वेळ रात्रीची. देशकारात नेमकं उलट, धैवत वादी आणि वेळ सकाळची. लक्षणगीत हे तुम्हाला शब्दांत सांगतं. चांगला ख्याल यातलं काही सांगत नाही. तो धैवतावर असा जाऊन थांबतो की सकाळ झाल्याचं आपलं आपल्याला कळतं.

माझी तक्रार इथेच आहे. ख्यालाचे शब्दही काही फार मोठं काव्य नसतात. मुहम्मदशहा रंगीले १७१९ ते १७४८ गादीवर होता. त्याच्या दरबारातल्या सदारंगांनी कितीतरी चिजांत बादशहाचं नाव गुंफलंय. ती खुशामतही मला फारशी रुचत नाही. पण त्या शब्दांतले आकार-ईकार मोकळे असतात, गवई त्यांवर आलाप करू शकतो. ‘वादी-संवादी’ या शब्दांवर आलाप करून बघा! मारवा, पूरिया आणि सोहनी हे तिन्ही राग एकाच स्वरांचे. त्यांतला फरक चलनात आहे, कुठे किती थांबायचं यात आहे. तो वादी-संवादीच्या दोन नावांत पुरता मावत नाही.

मग एवढ्या जाणत्या माणसाने हे का केलं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

भातखंड्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरला. शिक्षण बी.ए., एलएल.बी., व्यवसाय वकिलीचा. सतार शिकले, गायन उत्तेजक मंडळीत धृपद आणि ख्याल शिकले. पुढे पत्नी गेली, मुलगी गेली आणि त्यांनी वकिली सोडून उरलेलं आयुष्य या एकाच कामाला दिलं. १९०४ मध्ये ते दक्षिणेत फिरले. तिथली ७२ मेळांची पद्धत पाहिली, जुने ग्रंथ मिळवले. लक्षणगीत हा प्रकार कर्नाटक संगीतात आधीपासून होताच. पुढे उत्तरेतही ते हिंडले. त्या काळी चीज म्हणजे घराण्याची मालमत्ता होती. उस्ताद पोटच्या मुलाला देईल, परक्याला देईलच असं नाही. एकाच रागाबद्दल चार गवयांची चार मतं, आणि लिहिलेलं जवळजवळ काही नाही.

अशा वेळी या वकिलाने गवयांच्या मिनतवाऱ्या करून चिजा गोळा केल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि दीड हजारांच्या वर चिजा क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या गेल्या. शेवटचे भाग त्यांच्या निधनानंतर निघाले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा चार भागांचा ग्रंथ तर गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात मराठीत लिहिलेला.

यात आपल्या संस्थानांचा वाटा मोठा आहे. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने भरली. आमच्या माधवराव शिंद्यांनी ग्वाल्हेरचे काही गवई भातखंड्यांकडे मुंबईला शिकायला पाठवले. त्यांत राजाभैया पूंछवाले होते. १९१८ च्या जानेवारीत माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. शहरात कृष्णराव शंकर पंडितांचं विद्यालय १९१४ पासून होतंच, तिथे घराण्याची तालीम. एकाच गावात गाणं शिकायच्या दोन वाटा झाल्या. कोणती खरी, यावर आमच्या आजोबांच्या पिढीत भरपूर वाद व्हायचे म्हणे.

आता विचार करा, वर्गात वीस मुलं बसली आहेत. कुणाच्या घरी गाणं नाही. मास्तरांना आठवड्यातून ठरावीक तास. वर्षाच्या शेवटी परीक्षा. या मुलांना उस्तादाच्या घरी राहून दहा वर्षं कान तयार करायला मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी रागाचे नियम गाण्यातच घालून पाठ करून घेणं, हा त्या अडचणीवरचा उपाय होता. क्रमिक पुस्तकांतला क्रमही तसाच आहे. आधी रागाचं वर्णन, मग सरगम, मग लक्षणगीत, आणि नंतर जुन्या चिजा. पायऱ्या चढून वर जायचं.

माझी थोरली बहीण याच पद्धतीने शिकली. साठच्या दशकात आमच्यासारख्या घरातली मुलगी गवयाच्या घरी एकटी शिकायला जाणं शक्य नव्हतं. वर्गात जाणं शक्य होतं. परीक्षा होती, प्रमाणपत्र होतं, म्हणून वडिलांची हरकत नव्हती. ती संध्याकाळी पेटी घेऊन लक्षणगीतं घोकायची आणि मी शेजारच्या खोलीत वैतागायचो. पुढे तिने शेजारपाजारच्या किती मुलींना शिकवलं, त्याची मोजदाद नाही. मी अजूनही तिच्यापाशी लक्षणगीतांबद्दल कुरकुर करतो. ती म्हणते, “अरे, ते पाढे आहेत. पाढे कोणाला आवडतात?” मी म्हणतो, “ताई, पण पाढे कोणी तबल्यावर म्हणत नाही.” यावर ती हसते. पण स्वयंपाक करताना ती जे गुणगुणते ती सदारंगांची चीज असते. लक्षणगीत गुणगुणताना मी तिला कधी ऐकलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. नावड आणि ऋण ही दोन वेगळी खाती आहेत, एकातली रक्कम दुसऱ्यात वळती करू नये. भातखंड्यांची पुस्तकं नसती तर ताईला त्या चिजा मिळाल्या नसत्या, आणि मला घरबसल्या चांगलं गाणं कानावर पडलं नसतं. हे ऋण मी मान्य करतो, म्हणून लक्षणगीतं गोड लागलीच पाहिजेत असं नाही. उलट, ती मुद्दाम का केली हे कळल्यापासून माणसाबद्दलचा आदर वाढला. गाणं मात्र होतं तिथेच राहिलं.

शेवटी एक विनंती. क्रमिक पुस्तकं मुळात मराठीत निघाली. पुढे हाथरसहून हिंदी आवृत्त्या आल्या आणि इकडे त्याच चालू लागल्या. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा इथल्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर एखादी जुनी मराठी प्रत असण्याचा संभव आहे. समासात पेन्सिलीने लिहिलेल्या खुणा असतील, कुणा आजीचं नाव असेल. ती रद्दीत घालू नका. आणि तुमच्यापैकी कुणाला एखादं लक्षणगीत मनापासून आवडत असेल तर जरूर लिहा. ताईला वाचून दाखवीन.