सिनेटवरची विद्यार्थ्याची जागा

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले, तेव्हा त्याच्या कारभारात विद्यार्थ्याला कुठेही जागा नव्हती. कुलपती, कुलगुरू आणि 'फेलो' मिळून सिनेट बनत असे. फेलो सरकार नेमत असे आणि ते तहहयात राहत. न्यायाधीश, मुलकी अधिकारी, मिशनरी, शेटसावकार अशी ही मंडळी होती. विद्यापीठ तरी त्या वेळी होते काय? परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी एक संस्था, एवढेच. पदवी मिळाली की विद्यार्थ्याचा तिच्याशी संबंध संपला, असेच धरले जाई.

तो संबंध पदवीनंतरही टिकवणारे पहिले लोक म्हणजे १८६२ मध्ये बी.ए. झालेले चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांतले रानडे आणि भांडारकर पुढे स्वतःच फेलो झाले. मराठीला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात जागा मिळावी म्हणून रानड्यांनी सिनेटमध्ये वर्षानुवर्षे नेट लावला. १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले आणि त्यांच्यामागून भांडारकर आले. याच विद्यापीठाची परीक्षा दिलेली माणसे तीस वर्षांत त्याच्या कुलगुरूच्या खुर्चीवर बसली. ती निवडून मात्र आली नव्हती. त्यांची नेमणूक झाली होती.

लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या कायद्याने फेलोंची संख्या १०० वर आणि मुदत पाच वर्षांवर आणली. निवडून येणाऱ्या जागा मुंबईसाठी २० ठेवल्या आणि बाकीच्यांवर सरकारचा हात घट्ट केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या कायद्याला मध्यवर्ती कायदेमंडळात कसून विरोध केला, तो याच कारणाने. मात्र याच कायद्याने 'नोंदणीकृत पदवीधर' या मतदाराचे स्थान पक्के झाले. नाव नोंदवून सिनेटवर आपला माणूस पाठवण्याचा हा हक्क आजही चालू आहे. माजी विद्यार्थ्याला अशी जागा मिळाली, पण वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला ती मिळायला आणखी साठ-सत्तर वर्षे जावी लागली.

दरम्यान महाराष्ट्रात नवी विद्यापीठे उभी राहिली. नागपूरला १९२३ मध्ये, पुण्याला १९४९ मध्ये, औरंगाबादला १९५८ मध्ये आणि कोल्हापूरला १९६२ मध्ये. महाविद्यालयांत निवडणुका होत, त्या मुख्यतः गॅदरिंग, जिमखाना आणि वादविवाद मंडळासाठी. त्यातून निवडून येणारा जनरल सेक्रेटरी, म्हणजे 'जीएस', कॉलेजात मोठा मानला जाई. पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयातून शरद पवारांनी सार्वजनिक जीवनाची सुरुवात केली ती अशाच निवडणुकांतून. पण जीएसची सत्ता कॉलेजच्या फाटकाशी संपे. फी किती असावी, पेपर कधी लागावेत, वसतिगृहाला पैसा किती द्यावा, हे ठरवणाऱ्या बैठकीत त्याला खुर्ची नव्हती.

साठच्या दशकाअखेर जगभर विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि हा प्रश्न सरकारदरबारी पोचला. स्कॉटलंडमध्ये त्याची तोड जुनी होती: १८५८ च्या कायद्यानुसार विद्यार्थ्यांनी निवडलेला रेक्टर विद्यापीठाच्या कारभारी मंडळाचे, म्हणजे 'कोर्ट'चे, अध्यक्षस्थान घेई. १९७२ मध्ये एडिंबरोच्या विद्यार्थ्यांनी या जागी गॉर्डन ब्राऊन नावाच्या एका विद्यार्थ्यालाच निवडून दिले. तेच पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळात १९७५ पासून एक विद्यार्थी सदस्य बसू लागला. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने १९६९ मध्ये प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशपदावरून निवृत्त होऊन ते त्या वेळी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचा सहभाग असावा, असा समितीचा कौल होता.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे कायदे १९७४ मध्ये नव्याने झाले आणि पुढची दीड दशके विद्यार्थी निवडणुकांच्या ऐन बहराची होती. वर्गातून सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, मुलींची प्रतिनिधी एलआर, कॉलेजचा जीएस आणि विद्यापीठासाठी यूआर, म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी, अशी साखळी तयार झाली. सगळ्या कॉलेजांचे यूआर एकत्र येऊन विद्यापीठाची विद्यार्थी परिषद निवडत. अखिल भारतीय विद्यार्थी परिषद, १९७१ मध्ये निघालेली एनएसयूआय, डाव्यांच्या संघटना, शिवसेनेची भारतीय विद्यार्थी सेना आणि पुण्याकडे युवक क्रांती दल, या सगळ्यांची ताकद याच पायरीवर कामाला लागे.

या साखळीतले व्यंग तिच्या रचनेतच होते. कॉलेजात हजार-दोन हजार मुले मतदान करीत, तिथे भाषण चाले, ओळख चाले, वर्गावर्गात फिरणे चाले. विद्यापीठाच्या पातळीवर मात्र मतदार फक्त यूआर, आणि त्यांची संख्या कॉलेजांइतकीच. मतदार मोजके झाले की एकेका मताची किंमत चढते. मतदानाच्या आधी यूआरना सहलीच्या नावाखाली दूर नेऊन ठेवणे, विरोधी गटाचा यूआर पळवणे, त्याच्या घरच्यांवर दबाव आणणे, हे प्रकार नेहमीचे झाले. ग्रामीण भागातून आलेल्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या मुलाला हे सगळे झेपण्यासारखे नव्हते, आणि जागा खरी तर त्याच्याचसाठी होती.

१९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. कॉलेज निवडणुकांतली हाणामारी किती खोल गेली होती, हे त्याने दाखवून दिले आणि निवडणुका बंद करा, ही मागणी पालक आणि प्राचार्य उघडपणे करू लागले. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधीची निवडणूकच काढून टाकली. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी आपोआप प्रतिनिधी झाला. खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी आणि सांस्कृतिक कार्यक्रमांत चमकलेल्यांना नेमणुकीने घेतले जाऊ लागले. त्यामुळे मारामाऱ्या थांबल्या हे खरेच. पण पहिला येणारा मुलगा कोणाच्या मताने तिथे बसला नव्हता, त्यामुळे कोणाला उत्तर देण्याचीही त्याला गरज नव्हती. शिवाय वरच्या पायरीवर थोडक्या प्रतिनिधींमधून विद्यापीठ परिषद निवडण्याची पद्धत तशीच राहिली, म्हणजे रोगाचे मूळ जागच्या जागीच राहिले.

शेजारच्या कर्नाटकातही त्याच सुमारास, हिंसाचाराचेच कारण देऊन, कॉलेज निवडणुका बंद झाल्या.  

केरळमधल्या एका खटल्यातून हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला आणि माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. पदवीच्या उमेदवारासाठी वय १७ ते २२, हजेरी किमान ७५ टक्के, खर्च ५,००० रुपयांपर्यंत, छापील पोस्टर नको, हाताने लिहिलेले चालेल आणि तेही ठरवून दिलेल्या जागीच, उमेदवारी अर्जापासून निकालापर्यंत सगळे दहा दिवसांत आटोपायचे. न्यायालयाने त्याच वर्षी हे नियम देशभर लागू केले. महाराष्ट्रात तेव्हा थेट निवडणूकच नव्हती, त्यामुळे हे नियम इथे बराच काळ कागदावरच राहिले.

पुढे अरुण निगवेकर, अनिल काकोडकर आणि राम ताकवले यांच्या अध्यक्षतेखालील तीन समित्यांनी विद्यापीठांच्या फेररचनेचा विचार केला आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ आला. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. कॉलेजचे अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी हे थेट विद्यार्थ्यांनी निवडायचे, असे या कायद्याने ठरवले. जुना कायदा जाऊन नवा येईपर्यंतची मधली वर्षे महागात पडली. मुंबईच्या सिनेटची मुदत २०१५ मध्ये संपली होती आणि नवी सिनेट २०१८ पर्यंत आली नाही. नेमक्या याच काळात, २०१७ च्या उन्हाळ्यात, उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची घाई केल्याने निकाल महिनोन्महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. लाखो विद्यार्थ्यांचे वर्ष पणाला लागले असताना जाब विचारायला निवडून आलेला एकही सदस्य नव्हता.

२०१९ मध्ये थेट विद्यार्थी निवडणुकांचे वेळापत्रक निघाले, पण विधानसभेच्या निवडणुकीमुळे ते मागे पडले आणि पुढच्या वर्षी महासाथीने महाविद्यालयेच बंद केली.

चालू राहिली ती १९०४ पासूनची जुनी वाट, नोंदणीकृत पदवीधरांची. सिनेटवर त्यांच्या दहा जागा असतात. पाच खुल्या, आणि उरलेल्या पाचांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांची प्रत्येकी एक. मतपत्रिकेवर शिक्का नसतो. मतदार नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. मोजणी करताना आधी पहिल्या पसंतीची मते वेगळी काढतात. एकूण वैध मतांना जागांपेक्षा एकाने जास्त असलेल्या संख्येने भागून, त्यात एक मिळवून कोटा ठरतो. एका जागेसाठी तो निम्म्याहून एक अधिक, पाच जागांसाठी सहाव्या हिश्शाहून एक अधिक. कोटा ओलांडणाऱ्याची जादा मते पुढच्या पसंतीकडे जातात, सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होऊन त्याचे गठ्ठे वाटले जातात, आणि हे फेरीमागून फेरी चालते. खरी लढत मात्र मतदानाच्या बरीच आधी, नावनोंदणीच्या वेळी होते. जी संघटना पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडून जास्त अर्ज भरून घेते, तिचे पारडे तिथेच जड होते.

मुंबईत २०१८ मध्ये शिवसेनेच्या युवासेनेने या दहाही जागा जिंकल्या. पुढची निवडणूक २०२३ मध्ये जाहीर होऊन थांबली, मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर २४ सप्टेंबर २०२४ रोजी ती झाली आणि ठाकरे गटाच्या युवासेनेने दहाच्या दहा जागा पुन्हा मिळवल्या.