लोणारची सुईण

लोणारची कीर्ति ग्रंथांतरीं पुष्कळ आहे. अबुल फजलच्या ‘ऐने-अकबरी’त त्याचा उल्लेख असून, काच व साबण करण्यास लागणारीं द्रव्यें येथें मिळतात असेंहि त्यांत सांगितलें आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या विवराची नोंद केली. दैत्यसूदनाच्या देवळावर विद्वानांनीं लिहिलें. अलीकडे तर उल्कापातानें झालेल्या या खळग्यांतील दगड चंद्रावरील दगडांशीं ताडून पाहण्यापर्यंत मजल गेली. पण सरोवराच्या कांठच्या या गांवांत पिढ्यान्‌पिढ्या जिनें मुलांची नाळ कापली, त्या सुईणीला या लेखनांत जागा मिळाली नाहीं.

वऱ्हाडांत हें काम बहुतकरून मांग, म्हणजे आज ज्यांस आपण मातंग म्हणतों, त्या समाजाच्या स्त्रियांकडे असे. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांताच्या जातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या बायका सुईणपण करतात अशी नोंद आहे. पण ती ओझरती. अपरात्रीं बोलावणें आलें कीं निघावें, पोटावरून हात फिरवून मूल आडवें कीं उभें हें ओळखावें, कळा मंदावल्या तर बाळंतिणीला धीर देत रात्र काढावी, वार पडेपर्यंत जागचें हलूं नये, आणि पुढें कित्येक दिवस मायलेंकरांना तेलपाणी करावें. हें सारें ती आईच्या वा सासूच्या हाताखालीं शिके. मोबदला म्हणजे पायलीभर धान्य, एखादें जुनेर, चोळी. सुवेर फिटली कीं त्याच घराचा उंबरा तिला बंद! आपला वंश ज्या हातांवर उतरविला, त्याच हातांचा विटाळ मानणाऱ्या समाजानें तिचें नांव लिहून ठेवलें नाहीं, यांत नवल तें काय?

तिची आठवण झाली ती बहुधा दूषण देण्यापुरती. १८८५ सालीं डफरिन फंड निघाला, १९०३ सालीं लेडी कर्झन यांनीं दायांच्या शिक्षणाकरितां व्हिक्टोरिया स्मारक निधि उभारला, आणि दाईचें अज्ञान हा एक ठरलेला विषय होऊन बसला. हें दूषण सर्वस्वीं खोटें होतें असें मी म्हणणार नाहीं. अस्वच्छ विळ्यानें नाळ कापल्यामुळें धनुर्वात होऊन अर्भकें दगावत. परंतु अस्वच्छ हात हा कांहीं अडाण्यांचाच मक्ता नव्हता. १८४६ सालीं व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळांत, वैद्यकीचे विद्यार्थी जेथें बाळंतपणें करीत तेथें शेंकडा ११ हून अधिक माता मेल्या. सुईणींच्या विभागांत शेंकडा ३ सुद्धां नाहींत. विद्यार्थी प्रेतें फाडून तेच हात घेऊन येत, हें सेमेलवाइसनें पुढच्या वर्षीं ओळखलें. आणि ज्या गांवच्या क्षारांचा साबण होई, तेथील सुईणीच्या हातीं साबणाची वडी देण्याचें कोणाला सुचलें नसावें! शिकविलें तर गांवची बाई काय करूं शकते, हें गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं दाखविलें. गांवांतल्याच स्त्रियांकडून नवजात अर्भकांची घरीं शुश्रूषा करवून त्यांनीं त्यांचे मृत्यु शेंकडा ६२ नें उतरविले; तो वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आला.

२००५ पासून जननी सुरक्षा योजनेमुळें बाळंतपणें इस्पितळांकडे वळलीं. माता व अर्भकांच्या धनुर्वाताचें देशांतून उच्चाटन झाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें. हें इष्टच झालें. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णीय सुईणींचा धंदाहि असाच इस्पितळांपुढें मावळला; तथापि जॉर्जियांतील मेरी कोली हिचें काम १९५३ च्या एका चित्रपटांत टिकून राहिलें. लोणारच्या पंचक्रोशींत सुईणीच्या हातांवर जन्मलेलीं माणसें अजून हयात आहेत. तिचें नांव मिळालें तर त्यांच्याकडूनच मिळेल.