शिवराईचे ठसे

शिवराई हे मराठेशाहीचे तांब्याचे नाणे. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ते पाडले जाऊ लागले आणि मालवण किनाऱ्यासह मराठी मुलखात दीर्घकाळ चालले. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण इंग्रजांकडे गेले, तोवर शिवराईचे किती तरी ठसे झिजून बदलले होते. दर्शनी बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, मागे दोन ओळींत ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांची कड. ठसा हाताने कोरला जाई, म्हणून ‘शिव’चा कुठे ‘सिव’ होतो, ‘पति’चा ‘पती’. अशा नाण्यांना सरसकट बनावट ठरवणे उतावीळपणाचे.

अक्षर दुहेरी दिसले, तर आधी घाव तपासावा. हातोड्याच्या दोन घावांमध्ये चकती सरकली की मजकूर दोनदा उमटतो. हा दोष त्या एकाच नाण्यापुरता. ठसाच पुन्हा कोरलेला असेल, तर तीच जादा रेघ त्याच्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी सापडते, अर्थात ठसा चकतीहून मोठा असल्याने ती जागा नाण्यावर उतरली असेल तरच. उत्तरकाळच्या दुदांडी शिवराईवरील दोन समांतर रेघा मात्र मुद्दाम कोरलेल्या आहेत. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा गंज चढतो. तो चिंचेने घासून काढला, तर कोरणीची बारीक खूणही जाते.