ज्ञानमर्यादा

ज्ञानमर्यादा : विश्वात जे जे ज्ञेय आहे ते सर्व मानवजातीला कधीकाळी अवगत होऊ शकेल काय, की कितीही काळ लोटला आणि कितीही साधने हाताशी आली तरी काही गोष्टी तिच्या बुद्धीच्या हद्दीबाहेरच राहतील, हा प्रश्न तत्त्वज्ञान, गणित आणि निसर्गविज्ञान या तिन्ही शास्त्रांत चर्चिला गेला असून त्यास ज्ञानमर्यादेचा प्रश्न असे म्हणतात. प्रश्न एकच दिसत असला तरी त्यात निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. एखादी गोष्ट तत्त्वतःच अज्ञेय असणे निराळे. ती तत्त्वतः ज्ञेय असूनही तिच्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा काळ कोणासही लाभणे शक्य नसणे निराळे. आणि एकेकाळी उपलब्ध असलेला पुरावा नष्ट झाल्यामुळे ती कायमची हातची जाणे तर त्याहूनही निराळे. यांची गल्लत झाल्यामुळेच या विषयावरील पुष्कळसा वाद निष्फळ ठरला आहे.

भारतीय दर्शनांत हा वाद सर्वज्ञसिद्धीच्या रूपाने पुढे आला. जैन आचार्य उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रात सर्व द्रव्ये आणि त्यांचे सर्व पर्याय हा केवलज्ञानाचा, म्हणजे परिपूर्ण ज्ञानाचा, विषय मानलेला आहे. आणि सूक्ष्म, कालाने अंतरित व दूरस्थ असे पदार्थ ज्या अर्थी अनुमानाने कळतात त्या अर्थी ते कोणाच्या तरी प्रत्यक्षाचे विषय असलेच पाहिजेत, असा युक्तिवाद समंतभद्राने आप्तमीमांसेत केला आहे. या मताचा सर्वांत कडवा प्रतिपक्षी म्हणजे मीमांसक कुमारिल भट्ट. अभ्यासाने माणसाची शक्ती वाढते हे खरे, परंतु दहा हात उंच उडी मारणारा मनुष्य शेकडो वेळा सराव करूनही योजनभर उडी मारू शकणार नाही, हा जो पूर्वपक्ष शांतरक्षिताने तत्त्वसंग्रहात नोंदविला आहे तो कुमारिलाचाच मानला जातो. त्याचा श्लोकवार्त्तिकातील दुसरा आक्षेप याहून मार्मिक आहे. अमुक एक पुरुष सर्वज्ञ आहे असे ठरविण्यास ठरविणाराही सर्वज्ञच असावा लागतो, आणि मग त्याचीही रुजुवात करण्यासाठी तिसरा सर्वज्ञ शोधावा लागतो. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने वादाचा रोखच बदलला : जगात कीटक किती आहेत हे ज्याला ठाऊक आहे त्याचा आपल्याला काय उपयोग, त्याज्य काय आणि ग्राह्य काय हे जाणणारा तोच प्रमाण, असे त्याने म्हटले. मोक्षार्थी माणसाचे समाधान या उत्तराने होईल. ज्ञानाची चाड ज्ञानासाठीच बाळगणाऱ्याचे होणार नाही. कुमारिलाचा आक्षेप मात्र व्यक्तीऐवजी समग्र मानवजात घेतली तरी जसाच्या तसा लागू पडतो, कारण सर्व काही कळले असे घटकाभर मानले, तरी आता काही उरले नाही हे कळण्याचा मार्ग कोणता, याचे उत्तर आजपर्यंत कोणी दिलेले नाही.

युरोपात न्यूटनप्रणीत यामिकीच्या यशामुळे सर्वज्ञतेची कल्पना नव्या रूपाने अवतरली. एखाद्या क्षणी विश्वातील प्रत्येक कणाचे स्थान आणि त्यावर कार्य करणाऱ्या सर्व प्रेरणा ज्या बुद्धीस अवगत आहेत, तिला भूत आणि भविष्य सारखेच प्रत्यक्ष होतील, असे लाप्लासने १८१४ साली लिहिले. पुढे दोन दशकांनी ऑग्यूस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने, विज्ञानावरील आपल्या अढळ निष्ठेस बाध न आणता, विज्ञानाला एक हद्द घालून दिली. ताऱ्यांची आकृती, अंतरे, आकारमाने व गती यांचे निर्धारण आपण करू शकू, परंतु त्यांची रासायनिक घटना जाणण्याचा मार्ग आपणांस कधीही सापडणार नाही, असे त्याने १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याख्यानांच्या दुसऱ्या खंडात निःशंकपणे लिहून ठेवले.

ही हद्द कशी ओलांडली गेली हे थोडे तपशिलाने सांगण्याजोगे आहे. सूर्यप्रकाश त्रिकोणी लोलकातून नेला असता जो रंगपट पडतो त्यात शेकडो काळ्या रेषा असतात हे फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास पाहून त्यांची नोंदही केली होती. परंतु त्या का असतात हे कोणासच नीट उमगले नव्हते. १८५९ मध्ये हायडेलबर्ग येथे किर्खोफ व बुन्सेन हे दोघे निरनिराळे क्षार ज्योतीत धरून त्यांच्या प्रकाशाचे रंगपट तपासत होते. साधे मीठ ज्योतीत टाकले की ती पिवळी होते आणि रंगपटात एका ठराविक जागी पिवळ्या तेजस्वी रेषांची जोडी उमटते. सूर्याच्या रंगपटात नेमकी त्याच जागी काळ्या रेषांची जोडी आहे. ज्योतीच्या पिवळ्या प्रकाशाने त्या काळ्या रेषा भरून निघतील अशा अपेक्षेने किर्खोफने सूर्यकिरण मिठाच्या ज्योतीतून नेले, तो रेषा पुसट होण्याऐवजी अधिकच गडद झाल्या. जी वाफ विशिष्ट रंगाचा प्रकाश बाहेर टाकते तीच वाफ तोच रंग शोषूनही घेते हे यावरून त्याच्या ध्यानी आले, आणि सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे हे पृथ्वीवर बसल्या जागी सिद्ध झाले. कोंत निवर्तल्याला तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती. पुढे १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आंध्रातील गुंटूर येथे जान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदाने सूर्याच्या ज्वालांचा रंगपट घेतला. त्याच सुमारास या ज्वालांच्या प्रकाशात आढळलेल्या एका पिवळ्या रेषेवरून लॉकियरने हेलियम या अज्ञात मूलद्रव्याची कल्पना मांडली, आणि ते मूलद्रव्य पृथ्वीवर रॅम्झीच्या हाती १८९५ मध्ये लागले. म्हणजे ज्याची घटना कधीच कळणार नाही असे सांगितले गेले होते, त्या आकाशस्थ पिंडातच एक मूलद्रव्य पृथ्वीच्या आधी सापडले.

इतके होऊनही हद्द घालण्याचा प्रयत्न थांबला नाही. १४ ऑगस्ट १८७२ रोजी लाइपझिग येथे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्य यांच्या अधिवेशनात बर्लिनचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमाँ याने निसर्गज्ञानाच्या सीमांवर व्याख्यान दिले. स्नायू व मज्जातंतू यांतील विद्युत्प्रवाहांचे संशोधन करण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे शास्त्राच्या सामर्थ्याबद्दल तो साशंक होता असे म्हणता येत नाही. तरीही लाप्लासची ती बुद्धी आपणांस लाभली तरी जडद्रव्य व प्रेरणा यांचे मूळ स्वरूप आणि मेंदूतील कणांच्या हालचालींतून संवेदना कशी उद्भवते हे कोडे या दोन बाबी कायमच्या अज्ञेय राहतील, असा निवाडा त्याने दिला. १८८० मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे त्याने अशा कोड्यांची संख्या सातावर नेली. त्यांपैकी जडद्रव्याचे स्वरूप, गतीचा उगम आणि संवेदनेचा उद्भव ही तीन त्याने मानवी आवाक्याबाहेरची ठरविली, जीवोत्पत्ती, निसर्गातील सहेतुकता व भाषायुक्त विचार ही तीन दुष्कर पण साध्य मानली, आणि इच्छास्वातंत्र्याबाबत निर्णय राखून ठेवला. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८९९ मध्ये आपल्या लोकप्रिय ग्रंथात ही सर्व कोडी सुटल्याचे जाहीर केले, परंतु त्यात उत्तरांपेक्षा आवेशच अधिक होता.

या वादाचा सर्वांत उद्बोधक प्रसंग १९३० च्या सप्टेंबरात पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे घडला. शुद्ध बुद्धीच्या मर्यादांचे परीक्षण करणारा १७८१ चा ग्रंथ कांटने याच गावी लिहिला होता. गणिती डाव्हिड हिल्बर्ट याचेही जन्मस्थान हाच परिसर, आणि नगरीने सन्माननीय नागरिकत्व दिल्यामुळे तो त्या महिन्यात तेथे आला होता. ८ सप्टेंबर रोजी, ज्या संस्थेच्या व्यासपीठावरून द्यु ब्वा-रेमाँने अज्ञेयतेचा निवाडा दिला होता त्याच संस्थेपुढे, त्याने त्या निवाड्यावर उघड हल्ला चढविला. कोंतचा दाखला त्याने मुद्दाम दिला, आणि कोंतला न सुटणारा प्रश्न सापडला नाही याचे कारण न सुटणारा प्रश्न मुळी अस्तित्वातच नाही असे प्रतिपादन केले. व्याख्यानाचा समारोप त्याने आकाशवाणीवरूनही केला. जाणणे हे आपले कर्तव्य असून आपण जाणूच, या आशयाचे त्यातील अखेरचे शब्द पुढे गटिंगेन येथील त्याच्या समाधीवर कोरण्यात आले. मात्र आदल्याच दिवशी, म्हणजे ७ सप्टेंबरला, त्याच नगरीत भरलेल्या दुसऱ्या एका परिषदेच्या चर्चेत कुर्ट गोडेल नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाने थोडक्या शब्दांत एक निष्कर्ष सांगितला होता, आणि त्याचे गांभीर्य उपस्थितांपैकी योहान फॉन नॉयमनसारख्या एखाद्यालाच तत्काळ जाणवले होते.

१९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष असा : अंकगणित सामावून घेण्याइतकी समर्थ, जिची गृहीतके यांत्रिक रीतीने ओळखता येतात अशी आणि अंतर्विरोधमुक्त अशी कोणतीही औपचारिक पद्धती घेतली, तर त्या पद्धतीच्या भाषेत मांडता येणारे परंतु तिच्यात सिद्धही न होणारे व खंडितही न होणारे एखादे विधान असतेच, इतकेच नव्हे, तर आपण अंतर्विरोधमुक्त आहोत हे अशा पद्धतीला स्वतःच्या साधनांनी सिद्ध करता येत नाही. १९३६ मध्ये चर्च आणि ट्यूरिंग यांनी स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की कोणत्याही तार्किक विधानाचा फैसला हमखास करणारी सर्वसामान्य रीत असूच शकत नाही. हिल्बर्टने १९०० साली पॅरिस येथे मांडलेल्या तेवीस प्रश्नांपैकी दहावा प्रश्न पूर्णांक गुणकांच्या समीकरणांना पूर्णांकी उकल आहे किंवा नाही हे ठरविण्याची रीत मागणारा होता. अशी रीत अशक्य असल्याचे मातियासेविच या रशियन गणितज्ञाने, डेव्हिस, पटनम आणि ज्यूलिया रॉबिन्सन यांच्या कार्याच्या आधारे, १९७० मध्ये सिद्ध केले.

या सिद्धांतांचा हवाला देऊन मानवी बुद्धीचे दिवाळे वाजले असे सांगणारे लेखन विपुल आहे, आणि ते खोडून काढणे प्रस्तुत लेखकास अगत्याचे वाटते. गोडेलचे विधान एका विवक्षित पद्धतीपुरते अनिर्णित राहते. अधिक समर्थ पद्धतीत तेच सिद्ध होते. स्वतः गोडेलने १९५१ च्या व्याख्यानात जो पर्याय मांडला तो दुहेरी होता : एक तर मानवी मन कोणत्याही परिमित यंत्राच्या पलीकडचे आहे, किंवा मानवास सर्वथा न सुटणारे गणिती प्रश्न अस्तित्वात आहेत. यांपैकी पहिल्या पक्षाकडे त्याचा स्वतःचा कल होता. शिवाय कोंत आणि द्यु ब्वा-रेमाँ यांनी घातलेल्या हद्दी या मतप्रदर्शनाच्या स्वरूपाच्या होत्या, तर गोडेल आणि ट्यूरिंग यांनी घातलेल्या हद्दी सिद्धतेच्या आधारावर उभ्या आहेत आणि म्हणून त्या स्वतःच मानवी ज्ञानाचा भाग झाल्या आहेत. अमुक कधीच कळणार नाही असे म्हणणाऱ्यावर सिद्धतेचा भार तितकाच पडतो, जितका सर्व काही कळेल असे म्हणणाऱ्यावर.

पदार्थविज्ञानात लाप्लासच्या कल्पनेस हायझेनबर्गच्या १९२७ च्या अनिश्चिततातत्त्वाने बाध आणला, कारण कणाचे स्थान व संवेग ही दोन्ही एकाच वेळी हवी तितकी अचूक असत नाहीत. विश्वरचनाशास्त्राने दाखविलेली सीमा वेगळ्या जातीची आहे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे असल्याने आणि ते प्रसरण पावत असल्याने आपणांस दिसू शकणाऱ्या भागाची त्रिज्या सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे भरते. त्यापलीकडील प्रकाश अद्याप येथवर आलेला नाही. हे प्रसरण वेगावत असल्याचे १९९८ मध्ये आढळून आले. त्याचा वेग असाच वाढत राहिला तर सुमारे दहा हजार कोटी वर्षांनंतर आपल्या लगतच्या समूहाबाहेरील एकही दीर्घिका दिसणार नाही, आणि ज्या निरीक्षणांवरून आपण प्रसरण ओळखले ती निरीक्षणे तेव्हाच्या ज्योतिर्विदास करता येणार नाहीत, असे अनुमान आहे. ज्ञान कालानुसार साचतच जाते ही समजूत या उदाहरणापुढे टिकत नाही.

तत्त्वतः ज्ञेय पण व्यवहारतः अप्राप्य अशा गोष्टींचे स्वच्छ उदाहरण बुद्धिबळाचे होय. चौसष्ट घरे, बत्तीस मोहरे आणि काही थोडे नियम यांपलीकडे या खेळात काही गुप्त नाही. दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाल्यास पांढरा जिंकेल, काळा जिंकेल की बरोबरी होईल याचे एक निश्चित उत्तर आहे, आणि तरी ते कोणासही ठाऊक नाही. संभाव्य डावांची संख्या एकावर १२० शून्ये देऊन होणाऱ्या संख्येच्या घरात जाते, असा अंदाज क्लॉड शॅननने १९५० मध्ये दिला. दोन्ही राजे धरून पटावर सात मोहरे उरले असता काय होईल याचा संपूर्ण हिशेब गणकयंत्रांनी केलेला आहे. त्यात पाचशेहून अधिक खेळ्यांनी मात होणाऱ्या काही स्थिती निघाल्या, आणि त्यांतील कित्येक खेळ्यांमागचे प्रयोजन मातब्बर खेळाडूंनाही सांगता येत नाही. उत्तर दफ्तरी आहे, परंतु ते कोणाच्या बुद्धीत उतरलेले नाही. यास ज्ञान म्हणावे किंवा नाही हा प्रश्न यंत्रांच्या वाढत्या वापरामुळे दिवसेंदिवस अधिक निकडीचा होत आहे.

मानवजात हा ज्ञाता मुळात एकसंध नाही, ही गोष्टही येथे लक्षात घेतली पाहिजे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद अफाट आहेत, त्यांतून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ भाग छापले, तरी न वाचलेले पुष्कळच उरले. कोणत्या परगण्यात कोणत्या साली किती वसूल आला, कोणत्या कमाविसदाराने कोणती सूट मागितली, हे सर्व त्या रुमालांत लिहिलेले आहे आणि आज जिवंत असलेल्या कोणासही ठाऊक नाही. मोडी वाचणारे घटत गेले तर कागद असूनही ते अज्ञात राहील. सिंधू संस्कृतीच्या लिपीची अवस्था याहून बिकट आहे, कारण तिचे लेख सरासरी पाचएक चिन्हांचे असून तिचे वाचन तपासण्यास उपयोगी पडेल असा द्विभाषिक लेख मिळालेला नाही. ज्या लेखांची मुद्राच शिल्लक नाही त्यांच्याविषयी तर प्रश्नही विचारता येत नाहीत.

द्यु ब्वा-रेमाँच्या सात कोड्यांपैकी जीवोत्पत्तीच्या बाबतीत, मिलर याने १९५३ मध्ये शिकागो येथे साध्या वायूंच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून ॲमिनो आम्ले मिळविल्यापासून, प्रयोगाचा मार्ग खुला झालेला आहे, आणि निसर्गातील सहेतुकतेचा उलगडा उत्क्रांतिवादाने बहुतांशी केला आहे. त्याच्या यादीतील पाचवे कोडे, म्हणजे जड मेंदूत संवेदनेचा उद्भव कसा होतो हे, अद्याप सुटलेले नाही. ते सुटणे अशक्य आहे, हेही आजवर कोणी सिद्ध केलेले नाही.